न्यूरॉलॉजिस्ट व्हायचंय? मग शाळेत असताना नेमकं काय करायचं?

मेंदूच्या बातम्यांना सध्या तोटा नाही. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीची चिप पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत बसवली गेली. मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, की २०२१ साली जगातल्या तीन अब्जांहून अधिक लोकांना मेंदूचा किंवा मज्जातंतूंचा कुठला ना कुठला विकार होता. ऑक्टोबरमध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास १ लाख ४० हजार पेशी आणि त्यांच्यातले पाच कोटींहून जास्त जोड आहेत. एवढं वाचल्यावर नववी-दहावीतलं एखादं पोर ‘मला न्यूरॉलॉजिस्ट व्हायचंय’ म्हणालं, तर त्यात नवल काही नाही.

मग घरात शोधाशोध सुरू होते. कुठला कोर्स लावायचा, कुठलं शिबिर करायचं, मेंदूवरची कुठली जाडजूड पुस्तकं आणायची? माझं मत आधीच सांगून टाकतो. शाळेत असताना न्यूरॉलॉजी शिकायची घाई करू नये. रोगांची नावं पाठ करायला पुढे दहा वर्षं मिळणारच आहेत. या वयात हवी ती सवय: नीट बघण्याची, नीट ऐकण्याची आणि ‘बिघाड नेमका कुठे आहे’ हे पायरीपायरीने शोधण्याची. ही सवय का हवी, हे समजायला आधी न्यूरॉलॉजिस्ट दिवसभर करतो काय, ते पाहावं लागेल.

न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे कोण, आणि कोण नाही

मेंदू, पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जारज्जू आणि तिथून हातापायांपर्यंत पोचणारे मज्जातंतू, या सगळ्यांना मिळून चेतासंस्था म्हणतात. चेतासंस्थेचे आणि तिच्या हुकमावर चालणाऱ्या स्नायूंचे आजार ओळखणारा, त्यांच्यावर औषधोपचार करणारा डॉक्टर म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट. तो ऑपरेशन करत नाही. ते न्यूरोसर्जनचं काम. नैराश्य, भास, टोकाची चिंता हे प्रामुख्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे जातं. आणि प्रयोगशाळेत उंदराच्या किंवा माशीच्या मेंदूवर काम करणारा न्यूरोसायंटिस्ट बहुतेक वेळा डॉक्टर नसतोच, त्याने पीएचडी केलेली असते. शाळकरी मुलांच्या मनात या चौघांची हमखास सरमिसळ झालेली असते. कित्येकांना खरं तर चौथा व्हायचं असतं आणि ते पहिल्याची तयारी करत बसतात.

बातम्यांत चिप असते; ओपीडीत डोकेदुखी असते. अर्धशिशी, फिट येणं, पक्षाघात, कंपवात, विसरभोळेपणा की स्मृतिभ्रंश अशी शंका, मधुमेहामुळे तळपायाला येणाऱ्या मुंग्या, चक्कर. रोजचं काम हे आहे. यातलं काहीच रोमांचक वाटत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

सगळा खेळ ‘कुठे’ या प्रश्नाचा

खोलीतला पंखा बंद पडला तर वायरमन लगेच पंखा उघडून बसत नाही. तो आधी विचारतो, दिवा लागतोय का? शेजारच्या खोलीतलं काय? अख्ख्या इमारतीची वीज गेलीय का? दोन-तीन प्रश्नांत त्याला कळतं, की दोष पंख्यात आहे, बटणात आहे, फ्यूजमध्ये आहे की बाहेरच्या खांबावर. न्यूरॉलॉजिस्ट अगदी हेच करतो. बिघाडाची जागा ठरवण्याच्या या कामाला लोकलायझेशन म्हणतात, आणि आजार कुठला हा प्रश्न त्यानंतर येतो.

समजा कुणी सांगितलं, ‘उजव्या हातात जोर राहिला नाही.’ दोष मेंदूच्या डाव्या भागात असेल तर बहुधा हाताच्याच, म्हणजे उजव्या बाजूचा चेहराही थोडा ओघळलेला दिसेल, बोलणं अडखळेल. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असेल तर चेहरा ठीक राहील, पण चालणंही बिघडलेलं असू शकेल. हातातला एखादाच मज्जातंतू दबला असेल तर ठरावीक बोटं तेवढी सुन्न होतील. आणि स्नायूंचाच आजार असेल तर बहुतेक वेळा दोन्ही खांदे-मांड्या कमजोर होतील, बधिरपणा मात्र मुळीच नसेल.

याहूनही बारीक काम बघा. एखादा माणूस म्हणतो, बोटं बधिर झालीत. डॉक्टर विचारतो, ‘करंगळीशेजारचं बोट पूर्ण बधिर आहे की अर्धं?’ प्रश्न विचित्र वाटतो. पण त्या अनामिकेची अंगठ्याकडची बाजू साधारणपणे एका मज्जातंतूकडे असते आणि करंगळीकडची दुसऱ्याकडे. बोटाच्या बरोबर मधून रेघ मारल्यासारखा बधिरपणा अर्धाच असेल, तर दोष मनगट-कोपराच्या बाजूला, त्या एका मज्जातंतूत असण्याची शक्यता वाढते. अख्खं बोट बधिर असेल तर नजर वर, मानेकडे जाते. एका बोटाच्या दोन बाजू, आणि तेवढ्यावरून मान की मनगट याचा अंदाज! मला या विषयाची गोडी अशाच गोष्टींनी लागली. हे वाचून ज्याला आपली अनामिका चाचपून बघावीशी वाटली, त्याच्यात या कामाचा किडा असावा असं मी समजतो.

ही पद्धत यंत्रांच्या फार आधीची आहे. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे एक रुग्ण आला. त्याला समोरच्याचं बोलणं कळायचं, पण स्वतःला ‘टान’ याखेरीज जवळजवळ काहीच बोलता यायचं नाही. तो थोड्याच दिवसांत वारला. ब्रोकाने मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. बोलण्याची क्रिया मेंदूच्या विशिष्ट जागेशी जोडलेली आहे, याचा तो भक्कम पुरावा ठरला. जिवंत माणसाचा मेंदू सीटी स्कॅनवर दिसायला मात्र १ ऑक्टोबर १९७१ उजाडावा लागला; त्या दिवशी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. म्हणजे मधली ११० वर्षं डॉक्टर प्रामुख्याने प्रश्न, टॉर्च, टाचणी आणि छोटी हातोडी यांवरच जागा ओळखत होते. आजही एमआरआय मानेचा काढायचा की डोक्याचा की कमरेचा, हे आधी डॉक्टरलाच ठरवावं लागतं. चुकीच्या जागेचा उत्तम फोटो काय कामाचा?

विषय कुठले घ्यायचे?

जीवशास्त्र घ्यायचं हे सांगायला नको. त्याच्या जोडीला रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हवंच, आणि गणित सुटलं तर ‘सुटलो एकदाचे’ म्हणू नये. बऱ्याच देशांत वैद्यकीय प्रवेशाच्या अटी याच विषयांभोवती असतात, पण खरं कारण त्याहून खोल आहे.

चेतापेशी शांत असते तेव्हा तिच्या आत-बाहेर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, आत ऋण बाजू. सोडियम आणि पोटॅशियमचे आयन पडद्यातून आत-बाहेर झाले की हा फरक क्षणभर उलटतो आणि संदेश पुढे सरकतो. हे पान जीवशास्त्राच्या पुस्तकात असलं तरी आतला मजकूर भौतिकशास्त्राचा आहे. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग मोजला, तो सेकंदाला जेमतेम तीसेक मीटर निघाला. तोवर हा वेग मोजताच येणार नाही असं मोठमोठ्यांना वाटत होतं. पुढे हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये या संदेशाची गणिती समीकरणं मांडली. ती सोडवायला हक्सली हाताने फिरवायचं गणनयंत्र घेऊन बसला होता. १९६३ चं नोबेल त्यांना मिळालं.

रसायनशास्त्राचं एकच उदाहरण पुरे. कंपवातात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. मग डोपामिनचीच गोळी का देत नाहीत? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा आहे. डोपामिनचा रेणू तो ओलांडू शकत नाही. त्याचा आधीचा टप्पा असलेला लेव्होडोपा मात्र पलीकडे जातो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. रेणूच्या रचनेत किंचित फरक, आणि त्यावर माणसाचं चालणं-फिरणं अवलंबून.

आणि गणित? समजा एखादा आजार हजारात एकाला होतो. त्याची तपासणी खरा रुग्ण कधीच चुकवत नाही, पण निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून ‘आजार आहे’ सांगते. हजार जणांना तपासलं, तर खरा रुग्ण १ आणि चुकीचे साधारण ५०. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या ५१ जणांत आजारी एकच! हा हिशेब शाळेतल्या टक्केवारीचा आहे, तरी भल्याभल्यांना तो चकवतो. संभाव्यता आणि संख्याशास्त्र हे धडे म्हणूनच सोडू नका. त्यांचे गुण कमी असतात, उपयोग आयुष्यभर होतो.

भाषेला दुय्यम समजू नका

या मुद्द्यावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण करिअर मार्गदर्शनात तो कुणी सांगत नाही.

एक मुलगा वर्गात उभ्या उभ्या कोसळतो. दवाखान्यात पोचेपर्यंत तो शुद्धीवर आलेला असतो, तपासणीत काहीच सापडत नाही. मेंदूतल्या विद्युत हालचालींचा आलेख, म्हणजे ईईजी, काढला तर तोही नॉर्मल येऊ शकतो. फिटचा आजार असलेल्यांचाही मधल्या काळातला आलेख अनेकदा नॉर्मलच असतो. मग निदान कशावरून होणार? ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या सांगण्यावरून.

बरोबर आलेले सांगतात, ‘एकदम पडला, हातपाय झाडले, फार भयानक होतं.’ डॉक्टरच्या हातात यातून काही पडत नाही. त्याला विचारायचं असतं ते असं: पडण्याआधी चेहरा पांढराफटक झाला होता का? घाम, डोळ्यांसमोर अंधारी? बराच वेळ उभा होता का? पहिली हालचाल कुठे दिसली, ओठाच्या कोपऱ्यात की हातात, आणि कुठल्या बाजूच्या? मान एका बाजूला वळली का? डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले? झटके किती वेळ टिकले, घड्याळ कुणी पाहिलं का? जीभ चावली असेल तर कडेला की टोकाला? शुद्धीवर आल्यावर लगेच ओळखीचं बोलला, की पंधरा-वीस मिनिटं गोंधळलेला होता?

आधी चेहरा पांढरा पडला, दोन-चार झटके आले आणि अर्ध्या मिनिटात मुलगा भानावर आला, तर बहुधा रक्तदाब खाली गेल्याने आलेली साधी भोवळ. डोळे सताड उघडे, आधी उजवा हात फडफडला, मग सगळं अंग ताठ, जिभेची कड चावलेली आणि नंतर बराच वेळ गोंधळ, तर हे चित्र फिटचं आणि सुरुवात बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूने. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे. एकाला वर्षानुवर्षं गोळ्या लागू शकतात, दुसऱ्याला एकही नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार आहे. नीट निदान आणि औषधं मिळाली तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या ‘नीट निदाना’तला मोठा वाटा एका चांगल्या साक्षीदाराचा असतो.

साक्षीदार व्हायला पदवी लागत नाही. आणि प्रथमोपचारही शिकून घ्या: फिट आलेल्याच्या आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, त्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं. पाच मिनिटं उलटली तर रुग्णवाहिका.

निरीक्षणाची ताकद किती, याचा एक जुना दाखला आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये ‘थरथरत्या पक्षाघाता’वर निबंध लिहिला, कंपवाताला आज त्याचं नाव आहे. निबंधात रुग्ण सहाच, आणि त्यातले काही त्याला चक्क रस्त्यात भेटलेले. एकाला तर त्याने फक्त लांबून पाहिलं होतं. तरी चालण्याची ढब, पुढे झुकलेलं अंग, बसल्या जागी होणारा कंप यांचं वर्णन इतकं नेमकं उतरलं, की दोनशे वर्षांनंतरही ते वाचलं जातं.

म्हणून एक सराव सुचवतो. बाकावर बसून येणाजाणाऱ्या एखाद्याच्या चालण्याचं दहा ओळींत वर्णन लिहा. ‘विचित्र’, ‘म्हाताऱ्यासारखं’ असले शब्द वापरायचे नाहीत. पाऊल किती लांब पडतं, दोन्ही हात सारखे हलतात का, वळताना किती पावलं लागतात, बुटाचा आवाज दोन्ही पायांचा एकसारखा आहे का, एवढंच. पहिल्यांदा चौथ्या ओळीला अडकायला होतं. निदान मात्र करायचं नाही, नातेवाइकांचं तर अजिबात नाही. घरात एक अर्धवट न्यूरॉलॉजिस्ट असणं हा बाकीच्यांना ताप असतो.

घरी करून बघण्यासारखे दोन प्रयोग

कागदावर डावीकडे फुली आणि तिच्यापासून आठेक सेंटिमीटरवर उजवीकडे ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण एका फुटाच्या आसपास ठिपका नाहीसा होतो. डोळ्यातून मज्जातंतू जिथून बाहेर पडतो तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून. खरी गंमत पुढे आहे: तिथे काळं भोक दिसत नाही, पांढरा कागदच दिसतो. मेंदू रिकामी जागा परस्पर भरून टाकतो. पक्षाघातात नजरेची अख्खी एक बाजू गेलेल्या काही रुग्णांना ती गेल्याचं का कळत नाही, आणि ते दाराच्या चौकटीला सारखे का धडकतात, याची चुणूक इथे मिळते.

दुसरा प्रयोग आरशाचा. एकात एक अशा दोन चांदण्या काढा, मध्ये बोटभर अंतर ठेवा. कागदासमोर आरसा उभा करा, हातावर पुठ्ठा आडवा धरून कागद झाका आणि फक्त आरशात बघत दोन चांदण्यांच्या मधून पेन्सिल फिरवा. हात भलतीकडेच जातो. दहा वेळा करा, दर वेळी रेघ किती वेळा ओलांडली ते मोजा, आलेख काढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दुसऱ्या हाताने. उजव्या हाताचं शिकणं डाव्याच्या कामी येतं का, बघा.

हा खेळ इतिहासात अजरामर झालाय. हेन्री मोलेसन याच्या फिट थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बराचसा काढला. त्यानंतर त्याला नवीन काही लक्षातच राहीना. तासाभरापूर्वी भेटलेला माणूस त्याला अनोळखी वाटे. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला ही आरशातली चांदणी काढायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने फिरू लागला, आणि दर दिवशी त्याला वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतोय. घटना लक्षात ठेवणं आणि हाताला वळण लागणं या मेंदूत वेगळ्या व्यवस्था आहेत, हे एका पेन्सिलीने आणि आरशाने दाखवलं.

स्पर्धा, शिबिरं, प्रमाणपत्रं

मेंदूशास्त्राची शाळकरी मुलांसाठीची इंटरनॅशनल ब्रेन बी ही स्पर्धा १९९८ मध्ये सुरू झाली. बऱ्याच देशांत तिच्या फेऱ्या होतात. तिच्या निमित्ताने मूलभूत वाचन होतं, ते चांगलं. दर मार्चमध्ये ब्रेन अवेअरनेस वीक असतो, तेव्हा अनेक संस्था आपली दारं मुलांसाठी उघडतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या आयवायर या ऑनलाइन खेळात तर सामान्य माणसांनी सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांवरून खऱ्या चेतापेशींचे फाटे शोधून काढले. खेळता खेळता संशोधनाला हातभार.

भारी फी घेऊन ‘संशोधनाचा अनुभव’ विकणाऱ्या कार्यक्रमांबद्दल मी साशंक आहे. दोन आठवड्यांत संशोधन होत नाही, प्रमाणपत्र होतं. त्यापेक्षा वृद्धांच्या किंवा अपंगांच्या संस्थेत दर आठवड्याला दोन तास जाणं कितीतरी मोलाचं. पक्षाघातानंतर शब्द हरवलेल्या माणसाशी बोलताना त्याचं वाक्य आपण पुरं न करता थांबून राहणं फार अवघड असतं. ते तिथेच जमायला लागतं.

ओळखीच्या डॉक्टरबरोबर ओपीडीत बसायची संधी मिळाली तर जरूर बसा. रुग्णाची परवानगी हवी, फोन खिशात हवा, आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही.

रस्ता किती लांब आहे?

लांब आहे, हे कबूल. भारतात बारावीनंतर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, मग एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मग सहसा मेडिसिन किंवा बालरोग या विषयात तीन वर्षांचं एमडी आणि त्यावर तीन वर्षांचं न्यूरॉलॉजीतलं डीएम: एकही वर्ष वाया न जाता साडेअकरा. अमेरिकेत चार वर्षांची साधी पदवी, चार वर्षं मेडिकल स्कूल आणि चार वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घेतलेलं प्रशिक्षण. तिथे पहिली पदवी कुठल्याही विषयातली चालते, ठरावीक विज्ञान विषय पूर्ण केले की झालं. ब्रिटनमध्ये शाळेनंतर थेट पाच-सहा वर्षांचं वैद्यकीय शिक्षण, दोन वर्षं ‘फाउंडेशन’ हे पायाभूत प्रशिक्षण आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने विशेष प्रशिक्षण. कुठूनही निघा, तिशी आलीच.

एवढ्या लांबच्या रस्त्यावर रात्र-रात्र जागून अभ्यास करण्याची सवय टिकत नाही. मेंदूशास्त्र याबाबत जे सांगतं, ते मेंदूशास्त्र शिकू पाहणाऱ्यांनी तरी ऐकावं. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते आणि शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा वाटा मोठा आहे. धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणं जास्त टिकतं.

नेहमीच्या शंका

‘रक्त पाहिलं की मला गरगरतं.’ न्यूरॉलॉजिस्टला रोज रक्त बघावं लागत नाही. पण वैद्यकीय शिक्षणात शवविच्छेदन आणि शस्त्रक्रिया विभागातले महिने कुणालाच चुकत नाहीत. बहुतेकांची भीती सवयीने जाते.

‘न्यूरॉलॉजीत निदान होतं, उपचार कुठे असतो?’ हा टोमणा डॉक्टरांमध्येही चालायचा, आणि एके काळी त्यात तथ्य होतं. गुठळीने होणाऱ्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध उपयोगी पडतं, हे १९९५ च्या चाचणीत दिसलं. तेव्हा ते तीन तासांच्या आत द्यावं लागे, पुढे ही मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५ मध्ये एकापाठोपाठ एक चाचण्यांनी दाखवलं, की मोठ्या धमनीतली गुठळी तारेने ओढून काढली तर अनेक जण पुन्हा स्वतःच्या पायावर उभे राहतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण खराब करणाऱ्या आजारावर १९९३ पर्यंत आजाराचा वेग रोखणारं एकही मान्यताप्राप्त औषध नव्हतं, आज अनेक आहेत. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या बाळांच्या जीवघेण्या आजारावर पहिलं औषध २०१६ मध्ये आलं. अल्झायमरसारख्या काही आजारांत अजून हात बऱ्यापैकी बांधलेले आहेत, हेही खरं. तिथे डॉक्टर बरं करत नाही, सोबत करतो. ते ज्याला झेपणार नाही त्याने हा विषय घेऊ नये.

‘मी शिकून बाहेर पडेपर्यंत एआयच सगळं करेल.’ काही कामं ते आत्ताच करतं. पक्षाघाताच्या रुग्णाच्या स्कॅनमध्ये मोठी धमनी बंद दिसली की डॉक्टरच्या फोनवर इशारा पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला अमेरिकेत २०१८ मध्येच मान्यता मिळाली. उपयोगाचंच आहे ते, कारण अशा झटक्यात उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. पण वरच्या कोसळलेल्या मुलाच्या गोष्टीत स्कॅन नव्हताच. घाबरलेल्या वर्गमित्राच्या तोंडून ‘हो, आधी उजवा हात’ हे काढून घेणं अजून माणसाचं काम आहे. थोडं प्रोग्रॅमिंग शिकून ठेवा मात्र. पायथॉनमध्ये आकडे वाचून आलेख काढता आला तरी खूप.

‘पंधराव्या वर्षी असा निर्णय घ्यायचा का?’ नाही घ्यायचा. पुढचा विचार आणि मोजमाप करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, हे न्यूरॉलॉजीच सांगते. चेतापेशींचा अभ्यास करणाऱ्या सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाला लहानपणी चित्रकार व्हायचं होतं. उनाडक्या करतो म्हणून वडिलांनी त्याला न्हाव्याकडे आणि चांभाराकडेही कामाला ठेवलं. पुढे तोच शरीररचनाशास्त्राकडे वळला, चित्रकलेचा हात त्याने सूक्ष्मदर्शकाखालच्या चेतापेशी रेखाटायला वापरला आणि १९०६ चं नोबेल गॉल्गीबरोबर वाटून घेतलं. चित्रकलेचा तास बुडवून जीवशास्त्र करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आणि डॉक्टरकीला प्रवेश मिळालाच नाही तर?

मेंदूपाशी पोचायची एकच वाट नाही. ईईजी काढणारे तंत्रज्ञ, पक्षाघातानंतर चालायला शिकवणारे फिजिओथेरपिस्ट, हरवलेलं बोलणं परत आणणारे वाचा-उपचारतज्ज्ञ, स्मृतीच्या चाचण्या घेणारे न्यूरोसायकॉलॉजिस्ट, एमआरआय यंत्रं घडवणारे भौतिकशास्त्रज्ञ. सीटी स्कॅन बनवणारा हाउन्सफील्ड इंजिनिअर होता, मिल्नरबाई मानसशास्त्रज्ञ होत्या, आणि दोघांनीही न्यूरॉलॉजीला जे दिलं ते फार थोड्या न्यूरॉलॉजिस्टना देता आलं. यातल्या बहुतेक वाटांना वर सांगितलेलेच विषय लागतात. त्यामुळे दहावीनंतर जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवता येत असेल तर ठेवा. दोन वर्षं ओझं जरा वाढेल, पण बारावीनंतर डॉक्टरकी, इंजिनिअरिंग आणि मूलभूत संशोधन, तिन्हींचे अर्ज भरता येतील.